मांजरीची नखं आणि माझी विहीण

माझ्या विहिणीने व्हिडिओ कॉलवर मांजर दाखवायचं टाळलं, तेव्हा पहिल्यांदा मी काही बोलले नाही. म्हणाली, "झोपलीय हो ती, विहीणबाई." मांजर दिवसभर झोपते हे मलाही ठाऊक आहे. पण झोपलेली मांजर दाखवता येत नाही असं कुठे आहे? उलट झोपलेलीच नीट दिसते. दुसऱ्यांदा म्हणाली, "गच्चीत गेली असंल." पुढच्या वेळी तर तिने फोनच असा धरला की मला त्यांच्या हॉलमधला पंखा दिसत राहिला. त्या पंख्याकडे बघत मी तिच्या गुडघ्यांची आणि उल्हासनगरच्या पाण्याची खुशाली ऐकून घेतली. फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "संपलं. विहीणबाईंनी मांजरीची नखं काढून घेतली."

हे पेपर वाचत होते. "अगं, विहीण आहे ती, कसाई नव्हे," म्हणाले आणि पान उलटलं.

आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑफिसर होते, आता रिटायर. माणसांवर पटकन विश्वास ठेवणं हा त्यांचा दोष आणि न ठेवणं हा माझा गुण. संध्याकाळी हवेत कुजक्या कांद्यासारखा वास सुटला की बिल्डिंगमधले सगळे ऑफिसर जिन्यात एकमेकांना सांगायचे, आपल्या कंपनीचा नाही हा. एकाही कंपनीचा नाही, मग वास काय आभाळातून पडला? वर्षानुवर्षं हे ऐकल्यावर माणूस संशयी नाही होणार तर काय होणार? दूध मी उकळायच्या आधी बोटावर घेऊन बघते. भाजीवाल्याने वरचे टोमॅटो चांगले लावले असले की खालचे उलटून बघते. वॉचमन "कोणी आलं नव्हतं" म्हणाला की विचारते, "कोणी म्हणजे नक्की कोण आलं नव्हतं?" माझी मुलगी शाळेत असताना म्हणायची, आई, तू पोलिसात जायला हवं होतंस. मला ते कौतुक वाटायचं.

मांजर मुळात आमची. बिल्डिंगच्या मीटरच्या खोलीत कुठल्याशा मांजरीने पिल्लं घातली, एकेक करून तोंडात धरून नेली, आणि ही एक तिथेच राहिली. मुलीने ड्रॉपरने दूध पाजून तिला वाढवलं. राखाडी रंग, अंगावर पट्टे, एक कान जरासा फाटका. रस्त्यात दिसली तर दुसऱ्यांदा कोणी बघणार नाही अशी गावठी मांजर. मी तोंडाने तिला "हो बाजूला" याशिवाय काही म्हणत नसे. पण दुपारी मी वाती वळायला बसले की ती यायची आणि कापसावर पंजा ठेवायची. मी तो उचलून बाजूला ठेवायची, ती पुन्हा ठेवायची. असा आमचा रोजचा उद्योग होता. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने आधीच सांगून टाकलं, मांजर माझ्याबरोबर येणार. पाठवणीच्या वेळी मी रडले ते मुलीसाठी, असं सगळ्यांना वाटलं. त्यातलं निम्मं मांजरीसाठी होतं.

सासर उल्हासनगरचं. खाली सोफ्यांचं दुकान, मागे कारखाना, वर घर. घरात जावई आणि त्यांची आई, दोघंच. सासरे लग्नाच्या आधीच गेलेले. विहीण मूळची वांगणीची, शेतकऱ्याघरची, पण सगळं आयुष्य सिंधी व्यापाऱ्यांच्या शेजारात काढलेली. त्यामुळे बोलणं गावचं आणि नजर बाजारातली. कापडावरून नुसता हात फिरवला तरी ते किती वर्षं टिकेल ते सांगते. आता तुम्हीच बघा, जे घर सोफ्यांवर चालतं त्या घरात नखं असलेली मांजर कोणाला हवी असेल? लग्नानंतर थोड्याच दिवसांत जावई मला हसत म्हणाले होते, "आई, तुमच्या मांजरीने आमचा सॅम्पल पीस टेस्ट केला." हसत म्हणाले, पण म्हणाले. मी ते लक्षात ठेवलं.

आणि त्या घरात आत शिरून बघायची मला सोय नव्हती. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी जेवायचं नाही, हे माझ्या आईने पाळलं म्हणून मी पाळते. हल्ली कोण पाळतं, असं हे म्हणतात आणि स्वतः तिथे जाऊन मटणाचा रस्सा ओरपून येतात. मी मात्र गेले की हॉलमधल्या सोफ्याच्या टोकाला बसायची, पाणी तेवढं घ्यायची आणि "निघते, उशीर होतोय" म्हणून उठायची. जेवायचंच नाही तर स्वयंपाकघरात डोकवा कशाला. त्यांनाही अवघड, आपल्यालाही. त्यामुळे लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी मला त्या घराचा हॉल तेवढा पाठ होता. आतून आवाज यायचे, वास यायचे, त्यावरून मी काय ते ताडायची. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

ओटीभरणाच्या दिवशी असाच आवाज आला. मुलीला सातवा लागला होता. मुलगी आत तयार होत होती, बायका हॉलमध्ये जमत होत्या, आणि मी मांडीवर फळांची परडी घेऊन माझ्या ठरलेल्या टोकाला. आतून विहिणीचा आवाज आला, "नखं काढाची मंजे? सगली? आनि मंग परत येत नाय ती?" पुढचं उत्तर मिक्सरने गिळलं. पण मला उत्तराची गरजच नव्हती. गिऱ्हाइकाने सोफ्याची चौकशी करावी तशी ही बाई चौकशी करत होती. बाळ येणार हे निमित्त, सोफे हे कारण. शिवाय सूनही आता बाळंतपणाला माहेरी जाणार, म्हणजे अडवायला घरात कोणी नाही. त्या दिवशी मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

नखं काढतात म्हणजे नेमकं काय करतात हे मला तरी कुठे माहीत होतं? बदलापूरला प्राण्यांच्या एका डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. नुसतं विचारायला जाणं बरं दिसेना, म्हणून शेजारणीच्या कुत्र्याचं इंजेक्शन होतं त्यात मी सामील झाले. कुत्र्याचं झाल्यावर विषय काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काकू, मांजराचं नख आपल्यासारखं वरून चिकटलेलं नसतं, ते हाडातूनच येतं. कायमचं काढायचं तर बोटाचं शेवटचं पेर कापावं लागतं. मग पाय टेकताना दुखतं, झाडावर चढता येत नाही, आणि हातचं हत्यार गेलं म्हणून बरीच मांजरं चावायला लागतात. मी ते करत नाही. प्राण्याचा अवयव असा विनाकारण कापणं आपल्याकडे गुन्हा आहे. बाहेरच्या कितीतरी देशांत तर नाव घेऊन बंदी घातलीय."

"मग आपल्याकडे कोणी करतच नसेल?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "गुन्हा आहे म्हणून कोणी करत नाही, असं तुम्हाला वाटतं?"

मला अजिबात वाटत नव्हतं. त्या बाईंबद्दल माझं मत फार चांगलं झालं.

घरी आल्यावर वाती वळायला बसले आणि बोटांची शेवटची पेरं न वापरता वळून पाहिलं. जमेना. कापूस नुसता चुरगळत होता. मी तो तसाच डब्यात कोंबला. 

मुलगी तोवर आमच्याकडे अंबरनाथला आली होती. पलंगावर उशांना टेकून पाय लांब करून फोन बघत पडलेली असायची. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे तिच्या सासूचा काय बेत आहे ते. पेरांबद्दल नाही सांगितलं. पोटुशी बाईला असलं काही सांगू नये. ती म्हणाली, "जाऊ दे ना आई."

"सासू तुला काही बोलली का?"

"नाही गं."

हे "नाही गं" वाजवीपेक्षा लवकर आलं. पोर दबून आहे, असं मी मनाशी धरलं. त्यानंतर मी रोज विषय काढायची आणि ती रोज कूस बदलायची. सातवा-आठवा महिना, कूस बदलायलासुद्धा कष्ट पडतात, तरी बदलायची. मला तिची दया यायची.

मग विहिणीचे ते झोपलीय, गच्चीत आणि पंखा असे तीन फोन झाले आणि मी ह्यांना उल्हासनगरला धाडलं. बरोबर डिंकाचे लाडू दिले आणि कामगिरी एकच: मांजर उचलायची, पंजा दाबायचा, नख बाहेर येतं का बघायचं. हे संध्याकाळी तृप्त होऊन परत आले. लाडू पोचले, जावयांनी नवा रिक्लायनर दाखवला, एक खटका दाबला की पाय आपोआप वर येतात. "आणि मांजर?" मी विचारलं. "अरे हो," म्हणाले, "मांजर काही दिसली नाही." काही दिसली नाही! जी मांजर कोणी घरात आलं की पहिली पिशवीत तोंड घालते, ती दिसली नाही, आणि ह्या माणसाला त्याचं काहीच वाटलं नाही. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी न कळवता स्वतः निघाले. शेअर रिक्षाने उल्हासनगरला उतरून दुकानाच्या गल्लीत वळले, तर विहीण वरच्या घराला कुलूप घालून जिना उतरत होती. हातात पिशवी आणि स्टीलचा डबा. डब्याला सुकटीचा वास. खाली दुकानाचा टेम्पो चालू करून उभा, मागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सोफा. मला पाहून तिचा चेहरा असा झाला की माझी खात्रीच पटली.

"विहीणबाई! फोन तरी कराचा."

"कुठे निघालात?"

"वांगणीला. एका फार्महाउसला सोफा पोचवाचाय, मी आपली भावाकडं उतरीन मंग."

"मीपण येते," मी म्हटलं.

ती घुटमळली. ड्रायव्हरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरकून मला जागा दिली.

अंबरनाथ मागे पडलं, बदलापूर मागे पडलं. नव्या टॉवरच्या जाहिराती रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आम्हाला हसून घर घ्या म्हणत होत्या आणि आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून गप्प. "मांजर कशी आहे?" मी विचारलं. "बरी हाय." "घरी एकटीच?" "नाय." "मग कोणाजवळ?" "बगाल ना आता." मी मनाची तयारी केली. नखं काढली, मांजर लंगडायला लागली, मग डोळ्यांसमोर नको म्हणून गावाला नेऊन सोडली. सगळं जुळत होतं. आता तिला काय काय बोलायचं ते मी वांगणी येईपर्यंत मनात घोळवत राहिले, आणि त्यातलं बरंचसं विहिणीला बोलू नये असं होतं.

तिच्या भावाचं घर शेताच्या कडेला, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि अंगणात आंबा. विहिणीने डबा उघडला आणि जिभेने टक्‌टक्‌ आवाज केला. झाडात खसखस झाली. वरून आमची मांजर खाली यायला लागली. मांजरं खाली येतात तशी, उलटी, नखं बुंध्यात रोवत, मागे मागे सरकत, सालीचा चुरा पाडत. उतरली, मला पाहिलं, आणि सुकट सोडून आधी माझ्याकडे आली. मी अंगणात तशीच फतकल मारून बसले. एकेक पंजा हातात घेऊन दाबला. सगळी नखं होती. एक तर माझ्या पदरात अडकलं आणि मी ते सोडवलंच नाही. विहिणीच्या भावासमोर, टेम्पोवाल्यासमोर, मी रडले.

विहीण पायरीवर बसून माझं होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "आता तुमाला सांगावंच लागल. माज्या पोरानं एक मानूस गाठलाय. प्रानी विकतो, त्याच्या वलखीचा कोन डॉक्टर हाय तो नखं काढून देतो. मी बोल्ले, माज्या घरात हे चालनार नाय. तर बोल्ला, बगू. आता, बगू मंजे काय ते माज्या पोराचं मला कलतं. मंग मीच हिला उचल्ली नि हितं आनली."

"म्हणजे जावई?" मी म्हटलं. तो सॅम्पल पीस मला आठवलाच होता.

तिने नाही अशी मान हलवली. बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसली. "तो बायकोच्या शब्दाभायेर नाय, विहीणबाई."

मला कळायला वेळ लागला. म्हणजे ओटीभरणाच्या दिवशी आत जो प्रश्न विचारला गेला तो माझ्या मुलीला विचारला होता, आणि मिक्सरने गिळलेलं उत्तर माझ्या मुलीचं होतं.

"रडत होती हो," विहीण म्हणाली. "बालाचे डोल्याला नख लागलं तर, आसं सारखं. पोटुशी पोर, तिला मी काय बोलू? आनि तुमाला फोनवर काय सांगू? तुमची लेक आशी करते? विहिनीनं विहिनीला आसं सांगतात का? मंग मी पंखाच दाखवला तुमाला."

विहिणीच्या माहेरी आम्ही तांदळाची भाकरी खाल्ली. मुलीचं सासर नव्हतं ते, त्यामुळे खायला हरकत नव्हती. आणि हरकत असती तरी त्या दिवशी मी खाल्ली असती.

घरी आले तेव्हा मुलगी गॅलरीत बसली होती. मी चप्पल काढली, हातपाय धुतले, तिच्याजवळ खुर्ची ओढली. गोड बोलायचं ठरवून आले होते, पण सवय कुठे जाते? "कुठल्या दिवशी न्यायचं ठरलंय मांजरीला?" विचारून बसले.

ती दचकली नाही. कधीतरी हे व्हायचंच होतं असं तिच्या तोंडावर होतं. "बाळ व्हायच्या आधी," म्हणाली.

"तुझी मांजर. ड्रॉपरने दूध पाजलंस तिला."

"म्हणून तर! तिला टाकून द्यायचं नाही म्हणूनच करतेय ना?" मग तिचा आवाज चढला. "आई, मला तूच शिकवलंस. दूधवाल्यावर विश्वास ठेवू नकोस, वॉचमनवर ठेवू नकोस, सासू गोड बोलली तर जास्त लक्ष ठेव. माझं बाळ पाळण्यात झोपलेलं असणार आणि मी स्वयंपाकघरात. मग मांजरीवर मी कशी ठेवू विश्वास? तू ठेवला असतास?"

मी ठेवला नसता. तिच्या जागी मी दाराला जाळी ठोकली असती आणि जाळीजवळ खुर्ची टाकून बसले असते. मला तिचा राग आला आणि त्या रागाला धरायला कुठे जागा सापडेना.

मी तिचा हात ओढून घेतला. सुजलेली बोटं, अंगठी आधीच काढून ठेवलेली. तिच्या करंगळीचं शेवटचं पेर मी चिमटीत धरलं आणि म्हटलं, "इथून."

"काय इथून?"

"इथून कापतात. नख नाही, हे पेर. पुढच्या दोन्ही पायांची सगळी."

तिने हात झटकून मागे घेतला आणि पदराखाली घातला. "तो म्हणाला, नुसतं नख मुळातून काढतात. दोन-चार दिवसांत बरं होतं म्हणाला."

"तो विकणारा आहे."

पदराखाली ती करंगळी चोळत राहिली. मग म्हणाली, "बघू." आणि विहिणीचं ऐकून आल्यामुळे आता तो शब्द मलाही कळत होता.

नातू झाला. गोरा नाही, गुटगुटीत नाही, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरून अभिनंदन आलं. नखं काढणाऱ्या त्या माणसाचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही, आणि मला त्याचंच भय वाटायचं. तीन महिन्यांनी मुलगी बाळाला घेऊन सासरी गेली. मांजर वांगणीलाच होती. आता माझा आणि विहिणीचा रोज फोन सुरू झाला. आधी जिच्यावर पहारा ठेवला तिच्याच बरोबर मी आता पहाऱ्यावर होते. "आज दोघं कुठे गेले होते का?" मी विचारायची. "डॉक्टरकडं गेलेते, बालाला घिऊन," ती सांगायची. "बाळाच्याच डॉक्टरकडे ना?" "मी बगितलं ना कागद."

त्या घरी मी आता जेवायला लागले आणि पहिल्यांदाच स्वयंपाकघर पाहिलं. खिडकीखाली एका जुन्या सोफ्याचा हात ठेवला होता, काथ्याने घट्ट गुंडाळलेला आणि नखांनी पार पिंजून निघालेला. मांजर त्या घरात आली त्याच आठवड्यात विहिणीने तो कारागिराकडून करून घेतला होता. मी हॉलमध्ये बसून तिच्याविषयी काय काय ठरवत होते तेव्हा तो भिंतीपलीकडेच होता.

बाळ पालथं पडायला लागलं तेव्हा एके दिवशी मुलगी स्वतःच म्हणाली, आणूया तिला. विहिणीने मला लगेच फोन केला. "का आनाचं बोलते असंल?" आम्ही दोघींनी यावर पुष्कळ विचार केला. मांजर आली. नंतर एकदा मुलीने माळ्यावरून पिंजरा काढला तर विहिणीचा फोन, आणि मी रिक्षा करून धावत गेले. ती मांजरीला लस टोचायला बदलापूरला चालली होती, त्याच डॉक्टरबाईंकडे. मीपण बरोबर गेले. सहज, म्हटलं. डॉक्टरबाईंनी मांजरीच्या नखांची नुसती टोकं कशी कापायची ते मुलीला दाखवलं आणि ती दर पंधरवड्याला कापायलाही लागली. विहीण तेव्हा शेजारी बसून बघायची, टोकाच्या पुढे कात्री जात नाही ना.

मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा बाळ हॉलमध्ये रांगत होतं. मुलगी जमिनीवर कपड्यांच्या घड्या घालत होती, विहीण आणि मी चहा पीत होतो. मांजर सोफ्याखालून बाहेर आली. बाळाने जाऊन तिचा फाटका कान मुठीत धरला आणि ओढला. मांजर ओरडली, बाळाने आणखी ओढला. मग तिचा पंजा आला. बाळाच्या मनगटावर एक लाल रेघ उमटली, बारीक, आणि त्यावर रक्ताचे ठिपके. बाळाने तोंड उघडलं, पण आवाज यायला वेळ लागला.

माझा कप बशीवर आपटला. विहीण अर्धवट उठली. पण आम्ही दोघींनी बाळाकडे पाहिलं नाही, मांजरीकडेही नाही. आम्ही दोघींनी मुलीकडे पाहिलं.

तिने बाळाला उचललं, बेसिनपाशी नेलं, साबणाने ती रेघ धुतली, पाणी सोडून पुन्हा धुतली. त्याला खांद्यावर घेऊन थोपटलं. "डॉक्टरांना दाखवून येते," म्हणाली. मग वळली आणि तिला आम्ही तशाच दिसलो, जागच्या जागी, तिच्यावर डोळे लावून.

"त्याने कान ओढला होता," ती म्हणाली. "मी बघत होते. मी सोडवायला हात पुढे केला, पण उशीर झाला."

विहीण म्हणाली, "पोरी, मी हिला थोडे दिवस वांगणीला—"

"कुठे न्यायची नाही तिला. इथेच राहील." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "त्या नखं काढणाऱ्या माणसाचा विषय कधीच संपलाय, आई. तू माझं बोट धरलंस ना, त्याच दिवशी मी त्याला नाही म्हणून सांगितलं. तुम्ही कोणी विचारलंच नाहीत. एकमेकींना विचारता, कागद बघता, पिंजरा काढला की धावत येता. मला कळत नाही का?"

विहिणीने माझ्याकडे पाहिलं, मी कपाकडे.

"मांजरीला तर मी काही करणार नाही," ती म्हणाली, "पण तुम्ही दोघी मला अजून किती दिवस राखत बसणार आहात?"

आणि बाळाला घेऊन ती जिना उतरून गेली.